‘प्लस’ची गोळी आणि चौथ्या दिवसाचे करंट

प्रश्न असा आला आहे: “वय ४१, कोल्हापुरात हायस्कूलला शिक्षिका आहे. अडीच वर्षांपूर्वी वडील गेले, त्यानंतर झोप उडाली, छातीत धडधड व्हायची, वर्गात उभं राहवेना. डॉक्टरांनी एसिटालोप्रामची ‘प्लस’ गोळी दिली, १० ची, रोज रात्री एक. दोन महिन्यांत बरी झाले. पुढे डॉक्टरांकडे जाणं राहिलं ते राहिलंच. मेडिकलमध्ये रिकामी पट्टी दाखवते, ते देतात. या काळात वजन सात किलो वाढलं. धड रडू येत नाही, धड हसू येत नाही. नवरा-बायकोच्या नात्याचं तर बोलायलाच नको. सासूबाई म्हणतात, गोळीची सवय लागली. नवरात्रात नऊ दिवस उपवास धरला आणि गोळी बंदच केली. चौथ्या दिवशी फळ्याकडून मुलांकडे मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायला लागलं. घाम, चक्कर, भयानक स्वप्नं, विनाकारण चिडचिड. सहाव्या दिवशी घाबरून गोळी घेतली, दुसऱ्या दिवशी सगळं शांत. म्हणजे मला व्यसन लागलं का? आता जन्मभर घ्यावी लागणार? आणि उपवासाला गोळी चालते का?”

ताई, आधी एक काम करा. गोळीची पट्टी उलटी धरा आणि पाठीमागची बारीक अक्षरं वाचा. दोन नावं दिसतील. एसिटालोप्राम १० मिलिग्रॅम, आणि त्याखाली क्लोनाझेपाम, बहुधा ०.५. तुमच्या गोळीतला ‘प्लस’ म्हणजे हे दुसरं औषध. पहिलं नैराश्य आणि चिंतेवरचं, दुसरं घबराट शमवणारं आणि झोप आणणारं. तुम्ही अडीच वर्षं एक गोळी घेत होता असं तुम्हाला वाटतं, प्रत्यक्षात दोन औषधं घेत होता. नवरात्रात दोन्ही एका दिवसात तोडलीत.

माझ्या ओपीडीत दर आठवड्याला असं कोणी ना कोणी येतं. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे क्लोनाझेपाम द्यायला काही हरकत नसते, कारण एसिटालोप्रामचा गुण यायला तेवढा वेळ लागतो आणि तोवर माणूस तळमळत असतो. गडबड पुढे होते. पेशंट बरा वाटला की फिरकत नाही, चिठ्ठी जुनी होते, आणि मेडिकलवाला ओळखीचा असतो. ज्याचं काम वीस दिवसांचं होतं ते औषध वर्षानुवर्षं पोटात जात राहतं. यात तुमची एकटीची चूक नाही. चिठ्ठीवर ‘प्लस’ लिहून पुढे काय करायचं ते न सांगणारे आम्ही डॉक्टरही त्यात आहोत. सुरुवातीच्या वर्षांत मीही तसंच लिहीत असे.

तुमच्या चौथ्या दिवसाकडे येतो. पण त्याआधी २०१९ च्या ऑगस्टमधली एक गोष्ट सांगतो, कारण हा विषय मी पुस्तकातून शिकलो नाही, महापुरात शिकलो.

पंचगंगेचं पाणी शिरलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, कित्येक दिवस गावात ना दूध ना पेट्रोल, हे सगळ्यांना आठवत असेल. चिखली-आंबेवाडीकडची माणसं नावेतून काढून शाळांमध्ये, मंगल कार्यालयांत आणून ठेवली होती. अशाच एका शाळेत मला बोलावलं. साठीचे एक गृहस्थ भिंतीला टेकून बसले होते, डोळे घट्ट मिटलेले. मुलगा म्हणाला, “डोळं उघडलं की गरगरतंय म्हणत्यात. उलटी झाली दोनदा. आन् मधीच रडाय लागत्यात. पुराचा धसका घेतलाय.” कुणीतरी जलसंजीवनी पाजली होती. मी विचारलं, घरी कुठल्या गोळ्या चालू होत्या? मुलाला नाव माहीत नव्हतं. म्हातारे डोळे न उघडता म्हणाले, “डोस्क्यात करंट मारल्यागत हुतंय, डॉक्टर. डोळं फिरवलं की फाट् करून.” तेव्हा ट्यूब पेटली. त्यांची नैराश्यावरची गोळी, पॅरॉक्सेटिन, घरातल्या कपाटात, आणि कपाट पाण्यात. गोळी चुकून तिसरा दिवस होता.

त्याच वर्गखोलीत दोन चटया सोडून एक बाई होत्या. त्याही माझ्याच पेशंट, त्याच गटातल्या फ्लुओक्सेटिनवर. त्यांचीही गोळी घरीच राहिलेली, त्यांनाही तितकेच दिवस झालेले. त्या भाकरी थापायला बसल्या होत्या, काही म्हणजे काही त्रास नाही. तोच पूर, तीच शाळा, तोच धसका. फरक होता तो औषधाच्या उतरण्याचा. पॅरॉक्सेटिन रक्तातून निम्मं व्हायला एक दिवससुद्धा लागत नाही. फ्लुओक्सेटिनला काही दिवस लागतात, आणि शरीरात त्यापासून जो पदार्थ बनतो तो तर त्याहून जास्त दिवस रेंगाळतो. ती गोळी स्वतःच स्वतःला हळूहळू उतरवते.

तोवर मी अठरा वर्षं प्रॅक्टिस केली होती आणि पेशंटना सांगत आलो होतो, “बंद करताना एक दिवसाआड घ्या, पंधरा दिवसांत सोडून द्या, काही होत नाही.” कितीतरी लोक त्यानंतर करंटची, गरगरीची तक्रार घेऊन परत आले असतील आणि मी त्यांना ‘आजार उलटला’ म्हणून पुन्हा पूर्ण डोसवर घातलं असेल. त्याचा हिशेब आता लागायचा नाही.

तर व्यसनाबद्दल. व्यसनात माणसाला त्या वस्तूची ओढ लागते. डोस वाढवत न्यावा लागतो, ती मिळावी म्हणून माणूस खोटं बोलतो, उधारी करतो. तुम्ही अडीच वर्षांत दहाची वीस केली नाही, गोळीची तल्लफ आली म्हणून कधी उठला नाहीत. एसिटालोप्रामचं व्यसन लागत नाही. मात्र शरीर त्या औषधाशी जुळवून घेतं, आणि हे जुळवून घेणं खरंच घडतं. मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन बाहेर सोडतात आणि पंपाने परत आत खेचतात. गोळी हा पंप दाबून धरते. महिनोन्‌महिने पंप दाबलेला राहिला की मेंदू आपलं बाकीचं बिऱ्हाड त्या हिशेबाने लावून घेतो. गोळी एकदम काढली की बिऱ्हाड विस्कटतं, आणि ते पुन्हा लागेपर्यंतचा काळ म्हणजे तुमचे ते दोन-तीन दिवस. बीपीच्या काही गोळ्याही एकदम तोडल्या तर धडधड वाढते, बीपी उसळतं. त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. सासूबाईंची बीपीची गोळी असेल तर हे उदाहरण त्यांना जरूर द्या.

क्लोनाझेपामचं मात्र तसं नाही. त्याच्या बाबतीत सासूबाई निम्म्या बरोबर आहेत. त्याची सवय लागू शकते, डोस अपुरा पडायला लागू शकतो, आणि बरेच महिने घेतलेलं क्लोनाझेपाम एकदम तोडलं तर हात थरथरणं, झोप पूर्ण उडणं, क्वचित फिट येणं हेही होऊ शकतं. तुमचा डोस लहान होता, निभावलं. पुन्हा असं करू नका.

आता दुष्परिणाम. गोळी सुरू केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं, थोडी अस्वस्थता हे येतं आणि बहुतेकांचं जातं. जेवणानंतर घेतली की मळमळ कमी. झोप उडत असेल तर सकाळी, पेंग येत असेल तर रात्री. जांभया येतात, घाम येतो, दात करकरतात, ही बारीकसारीक मंडळी घाबरण्यासारखी नाहीत. घाबरायचं ते एका गोष्टीला: गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पहिल्या काही दिवसांत माणूस एका जागी बसू शकत नाही, आतून उकळल्यासारखं होतं, मरणाचे विचार नव्याने येतात. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत हे जास्त सांभाळावं लागतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी, आणि २००७ मध्ये चोविशीपर्यंतच्या तरुणांसाठीही, या औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा सक्तीचा केला तो याचसाठी. असं झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. रात्री-अपरात्री कुणी सापडलं नाही तर सरकारची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा मराठीत बोलते. आणि उलट प्रकार, म्हणजे गोळीनंतर माणूस अचानक भलताच खुशीत, तीन तास झोपून ताजातवाना, खर्च सुटलेला, तोंडाचा पट्टा चालू, तर तेही कळवायचं. तो आजार वेगळा असतो आणि त्यावर ही गोळी एकटी द्यायची नसते.

तुमच्या तीन तक्रारी मात्र पहिल्या पंधरवड्यातल्या नव्हेत. त्या पाय पसरून बसणाऱ्या आहेत.

वजन. एसिटालोप्राममुळे सात किलो म्हणजे जरा जास्त वाटतं. पॅरॉक्सेटिन आणि मिर्टाझापिन ही नैराश्यावरची दुसरी औषधं वजनाच्या बाबतीत जास्त बदनाम आहेत. तुमचं थायरॉइड आणि साखर एकदा तपासून घ्या. चाळिशीतल्या बाईचं वजन वाढलं, उत्साह गेला, की सगळं खापर गोळीवर फोडायची आपल्याला घाई असते आणि थायरॉइड बिचारं कोपऱ्यात बसून राहतं.

रडू-हसू न येणं. ही तक्रार पेशंट स्वतःहून क्वचित सांगतात, कारण तिला नाव नसतं. एका शेतकऱ्याने मला सांगितलं होतं, “बैल मेला तरी डोळ्यात पाणी न्हाई आलं, तवा कळलं कायतरी बिघडलंय.” हे औषधाने होतं, बऱ्याचदा डोस थोडा कमी केला की सुधारतं. पण उरलेल्या नैराश्यातही मन असंच बधिर असतं, म्हणून आधी हे ठरवावं लागतं की आजार शिल्लक आहे की डोस जास्त आहे. त्यासाठी कुणीतरी समोर बसून तुमच्याशी अर्धा तास बोललं पाहिजे. ते काम मेडिकलच्या काउंटरवर होत नाही.

आणि तिसरी गोष्ट. तुम्ही ती एका वाक्यात लिहिलीत हेच मोठं. इच्छा कमी होणं, शेवटापर्यंत पोचायला उशीर होणं किंवा न पोचणं, हा या गटातल्या औषधांचा सगळ्यात जास्त आढळणारा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा दुष्परिणाम आहे. पुरुष पेशंट ‘वीकनेस आलाय’ म्हणतात आणि भलत्याच दवाखान्यात पैसे घालून येतात. बायका काहीच म्हणत नाहीत, परस्पर गोळी बंद करतात. म्हणून मी आता स्वतःच विचारतो, पहिल्याच भेटीत सांगूनही ठेवतो. उपाय आहेत: डोस कमी करणं, किंवा मिर्टाझापिन, बुप्रोपियॉन यांसारख्या, या बाबतीत कमी त्रास देणाऱ्या औषधाकडे वळणं. बुप्रोपियॉन फिट येणाऱ्यांना चालत नाही, तेव्हा निवड डॉक्टरांनी करायची. बहुतेकांत गोळी कमी झाली की हे सुधारतं. थोड्या लोकांत औषध थांबल्यावरही ते टिकतं, आणि युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये तशी नोंद माहितीपत्रकात घालायला लावली. हे मी लपवत नाही.

आता मुख्य प्रश्न, गोळी सोडायची कशी.

पन्हाळ्यावर गेला असालच. तीन दरवाजाकडून सज्जा कोठीपर्यंत चालत गेलं तर पाय दुखतात, पण उंची फारशी कमी होत नाही, कारण वर पठार आहे. सज्जा कोठीशी मात्र पठार संपतं आणि पुढे सरळ कडा. या औषधांचा मेंदूवरचा असर अगदी तसा आहे. एसिटालोप्रामचं जुनं भावंड सिटालोप्राम, त्याची मापं उपलब्ध आहेत: ६० मिलिग्रॅमला मेंदूतले सुमारे ८८ टक्के पंप दाबलेले असतात, २० मिलिग्रॅमला सुमारे ८० टक्के. म्हणजे डोस एक तृतीयांशावर आणला तरी असर जेमतेम आठ टक्क्यांनी उतरतो. नऊ मिलिग्रॅमला ७०, साडेपाचच्या आसपास ६०. त्याच्या खाली काही मिलिग्रॅमच्या अंतरात सगळी उतरण. २०१९ मध्ये हॉरोविट्झ आणि टेलर या दोन संशोधकांनी हाच मुद्दा मांडला की डोस सारख्या सारख्या पायऱ्यांनी नव्हे, खाली जाल तशा लहान होत जाणाऱ्या पायऱ्यांनी कमी करा. यातले हॉरोविट्झ हे स्वतः अशी गोळी सोडताना पोळले आहेत.

आणि आपल्याकडे काय करतात? दहाची पाच केली, काही झालं नाही, म्हणून पाचावरून एकदम शून्य. पठारावर चालताना त्रास झाला नाही म्हणून कड्यावरून उडी. मग सोडल्यावर आठवड्याने माणूस येतो आणि म्हणतो, “पाचपर्यंत तर झकास होतो की ओ.”

तुमच्यासाठी मी काय करीन ते लिहितो. हे डोळे झाकून करायचं नाही, तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवायचं आहे. सध्या गोळी चालू आहे ती चालू द्या. पहिली पायरी म्हणजे ‘प्लस’ फोडायची. दोन वेगळ्या गोळ्या लिहून घ्यायच्या, एसिटालोप्राम १० एक, क्लोनाझेपाम ०.५ एक. दोन-तीन आठवडे नुसतं तेवढंच. मग आधी क्लोनाझेपाम उतरवायचं, कारण एका वेळी एकच. ०.५ ची पाव गोळी कमी, दोन ते चार आठवडे थांबायचं, झोप बसली की पुढची पाव. यात तीन-चार महिने गेले तरी बिघडत नाही. सकाळी भर वर्गात पेंग येत असेल, विसरायला होत असेल, तर त्यातला काही भाग इथेच कमी झालेला तुम्हाला दिसेल.

ते बंद होऊन महिना बरा गेला की एसिटालोप्रामला हात लावायचा. दहावरून साडेसात. तीन-चार आठवडे. मग पाच. मग पाचची गोळी आणून तिचा पाव भाग काढून पावणेचार, मग अडीच, मग सव्वा, आणि सव्वावर जरा जास्त दिवस. मेडिकलमध्ये गोळी कापायचं छोटं प्लास्टिकचं कटर मिळतं, घरच्या सुरीने भुगाच जास्त होतो. पाव तुकडा थोडा लहानमोठा झाला तर चिंता नको, लहान-मोठे तुकडे आलटून पालटून घ्या. कुठल्याही पायरीवर करंट, चक्कर जोरात आली तर मागच्या पायरीवर जायचं, तिथे स्थिर व्हायचं, पुढची पायरी अर्धी करायची. मागे येणं म्हणजे हरणं नव्हे. घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरला टाकतोच की आपण.

एक दिवसाआड घेणं मात्र नको. माझाच जुना सल्ला, मीच परत घेतो. एसिटालोप्राम साधारण तीस तासांत निम्मं होतं. दिवसाआड घेतलं की मेंदूला रोज खाली-वर हेलकावे, आणि दोन दिवसांआड तर तुमचं नवरात्रच पुन्हा.

दुसऱ्या कुणी हे वाचत असेल तर एक लक्षात ठेवा: सगळ्याच गोळ्या कापता येत नाहीत. हळू विरघळणाऱ्या गोळ्या आणि व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन या नैराश्यावरच्याच औषधांच्या कॅप्सूलमधले दाणे कुटायचे, चावायचे नसतात. व्हेन्लाफॅक्सिन तर एक डोस चुकला तरी जाणवतं. शिरोलीच्या एका फौंड्रीतला पेशंट होता, साधी व्हेन्लाफॅक्सिन दोन वेळची. शिफ्ट बदलली की एक वेळ हमखास चुकायची. एकदा वितळलेल्या धातूचा रस ओतायच्या वेळी त्याला डोळ्यांसमोर लख्ख झटका बसला आणि हातातला दांडा हलला. शेजारच्याने धरलं म्हणून बचावला. त्याला हळू सुटणारी दिवसातून एकदाची कॅप्सूल दिली, आणि ती शिफ्टला न बांधता आईच्या सकाळच्या चहाला बांधली. पुढे तीन वर्षं चुकली नाही.

सोडताना होणारा त्रास आणि उलटलेला आजार ओळखायचा कसा? तुमच्याच पत्रात उत्तर आहे. त्रास चौथ्या दिवशी आला. आजार असा चार दिवसांत दार वाजवत नाही, तो कित्येक आठवड्यांनी, महिन्यांनी, पावलं न वाजवता येतो. करंट, गरगर, फ्लूसारखी अंगदुखी, ही लक्षणं तुमच्या मूळ दुखण्यात होती का? नव्हती. आणि गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी सगळं शांत झालं. आजार उलटला असता तर गोळीचा गुण यायला पहिल्यासारखेच काही आठवडे लागले असते. उलट, गोळी थांबून तीन महिने झाले, करंट वगैरे काही नाही, पण पहाटे चारला जाग येते, वडिलांचे विचार चिकटून बसतात, कशात जीव रमत नाही, असं झालं तर तो जुना पाहुणा आहे. तेव्हा ‘अंगातून औषध निघतंय’ म्हणून सहन करत बसू नका.

आकड्यांची एक गंमत. २०२४ मध्ये लॅन्सेटच्या मनोविकार मासिकात बरेच अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला: गोळी थांबवल्यावर १०० पैकी ३१ जणांना त्रास झाला. आणि ज्यांना औषध म्हणून नुसती खडूची गोळी दिली होती, ती थांबवल्यावरही १७ जणांना झाला. वजा करा, म्हणजे गोळीच्या खात्यावर साधारण सहा-सात जणांमागे एक. फार तीव्र त्रास साधारण ३५ जणांमागे एकाला. यातल्या बऱ्याच अभ्यासांत लोकांनी औषध काही आठवडे-महिनेच घेतलं होतं. अडीच वर्षांवाल्यांनी स्वतःला थोडं जास्त जोखमीचं धरावं.

जन्मभर घ्यावी लागेल का, तर बहुधा नाही. पहिल्यांदाच आलेला आजार, त्याला वडिलांच्या जाण्याचं कारण, आणि दोन महिन्यांत पूर्ण बरं. अशा पेशंटला मी बरं वाटल्यापासून सहा ते नऊ महिन्यांनी सोडायचा विषय काढतो. दोन-तीनदा उलटलेल्यांना दोन वर्षं किंवा जास्त. खात्री मात्र कुणालाच देता येत नाही. ब्रिटनमधल्या २०२१ च्या एका मोठ्या चाचणीत दीर्घकाळ गोळी घेऊन बऱ्या असलेल्या लोकांपैकी ज्यांनी ती सोडली त्यांच्यातल्या ५६ टक्क्यांना वर्षभरात आजार पुन्हा आला, ज्यांनी चालू ठेवली त्यांच्यातल्या ३९ टक्क्यांना. गोळीचा फायदा त्यात दिसतो, आणि सोडूनही शंभरातले ४४ जण वर्षभर ठीक राहिले हेही त्यातच आहे. मी पेशंटला दोन्ही आकडे सांगतो आणि गप्प बसतो.

सुरुवात कधी करायची याचं पंचांग तुमच्या शाळेचं घ्या. दहावीचे पेपर तपासायच्या दिवसांत नको, घरात लग्नकार्य असताना नको, वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या महिन्यात तर नकोच. ऊसवाल्या पेशंटना मी कारखाना बंद होईपर्यंत थांबायला सांगतो. आणि सोडताना घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा, शक्यतो यजमानांना. चिडचिड वाढली तर ती कशाची आहे हे त्यांना माहीत असलं की निम्मी भांडणं होत नाहीत.

तुम्हाला लागू नाहीत पण कुणाला तरी लागतील अशा गोष्टी भराभर सांगतो. साठीच्या पुढची व्यक्ती, त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू, आणि नैराश्याची गोळी सुरू झाल्यावर आठ-पंधरा दिवसांत बरळणं, तोल जाणं, गुंगी: रक्तातलं सोडियम तपासा, ते घसरलेलं असू शकतं. गुडघ्यासाठी रोज पेनकिलर किंवा हृदयासाठी ॲस्पिरिन घेत असाल तर पोटात रक्तस्रावाची शक्यता वाढते, शौचाला काळी होत असेल तर थांबू नका. ट्रॅमाडॉल असलेली पेनकिलर या गोळ्यांसोबत डॉक्टरांना न विचारता नको, तापाने फणफणून अंग थरथरायला लागण्याची वेळ येऊ शकते. दिवस राहिले म्हणून कुणी घाबरून गोळी एका दिवसात तोडू नये, आधी दोन्ही डॉक्टरांना भेटावं. खासगी फी परवडत नसेल तर सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या, मनोविकार ओपीडीत जायला लाज वाटून घेऊ नका, तिथेही आमचीच मंडळी बसतात.

पथ्य सगळेच विचारतात, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. आंबट, तेलकट, वांगं, काही वर्ज्य नाही. तांबडा-पांढराही चालतो. दारू नको, आणि क्लोनाझेपाम पोटात असेपर्यंत तर अजिबातच नको.

राहिला उपवास. गोळी उपवासाला चालते. देवीला तुमच्या दहा मिलिग्रॅमची अडचण नाही, रिकाम्या पोटाला आहे. रात्री खिचडी किंवा भगर पोटात गेली की मग घ्या. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना रिकामी पट्टी सोबत न्या, फक्त यावेळी मेडिकलच्या आधी त्यांना दाखवा, पाठीमागची बाजू वर करून.